दोन रकाने

आमच्या घराण्यात लग्नाची स्थळं पाहण्याचं काम पूर्वापार मामाकडे आहे. मुलगा किती शिकला, घरची परिस्थिती कशी, सासू स्वभावाने कशी आहे, ही सगळी चौकशी मामाने करायची आणि पुढे काही बिनसलं की बोलणीही त्यानेच खायची! म्हणून गेल्या वर्षी एका रविवारी माझी भाची काखोटीला जाडजूड वही मारून आली आणि "मामा, दोन स्थळं आहेत, तू सांग," असं म्हणाली, तेव्हा मी चष्मा पुसून सावरून बसलो.

वही उघडली आणि माझा विरस झाला. स्थळं होती, पण नवऱ्याची नव्हेत. मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणाची. बाईसाहेब एम.एस. होऊन जनरल सर्जन झाल्या होत्या. पुढे न्यूरोसर्जरीचं एम.सी.एच. करायचं होतं. त्यासाठी २०१७ सालापासून देशभराची एकच परीक्षा असते. तिच्यात नंबर बरा लागला होता आणि आता कोणतं इस्पितळ आधी, कोणतं नंतर, असा पसंतीक्रम भरून द्यायचा होता. एकदा जागा पत्करली की तीन वर्षं सुटका नाही. नवरा परवडला, तो निदान दिवाळीला माहेरी पाठवतो!

मी स्वतः तीस-बत्तीस वर्षं माणसांच्या कवट्या उघडण्याचा धंदा करून आता निवृत्त झालो आहे. तेव्हा प्रश्न योग्य ठिकाणी आला होता, असं घरातल्या सर्वांचं मत. माझं मत मात्र तासाभरात डळमळू लागलं, ते कसं तेच सांगायचं आहे.

वहीत प्रत्येक स्थळाला एक पान होतं आणि पानावर वाण्याच्या चोपडीसारखी मधोमध उभी रेघ. डावीकडे 'जमेच्या बाजू', उजवीकडे 'उणिवा'. पहिलं स्थळ म्हणजे मुंबईतलं एक जुनं सार्वजनिक इस्पितळ. जमेच्या रकान्यात होतं : रोग्यांची अफाट गर्दी, अपघाताच्या केसेस रात्रंदिवस, हाताला भरपूर काम, नावाजलेले माजी विद्यार्थी. उणिवांच्या रकान्यात : इमारत जुनी, शस्त्रक्रियेचा एक सूक्ष्मदर्शक चांगला पण दुसरा रुसणारा, प्रबंधाला वेळ नाही, आणि ड्यूटीवरच्या चौघांना झोपायला दोन खाटा.

दुसरं स्थळ दक्षिणेकडच्या एका शहरातलं, एका ट्रस्टचं. तिथे सगळं चकचकीत. शस्त्रक्रियेत वाट दाखवणारं नेव्हिगेशनचं यंत्र, मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन तिथला धोक्याचा फुगा बुजवण्याचं स्वतंत्र दालन, सराव करायला प्रयोगशाळा, वसतिगृहात स्वतंत्र खोली. उणिवांत दोनच नोंदी : 'विद्यार्थ्याच्या हातात सुरी उशिरा येते' आणि 'भाषा येत नाही'.

स्थळ म्हटलं की घरातल्या प्रत्येकाला मत असतंच. माझ्या बहिणीने विचारलं, "झोपायला कुठे मिळणार आणि जेवायला काय?" मेहुण्यांना विद्यावेतन किती आणि शिक्षणानंतर सरकारी नोकरीचं बंधपत्र किती वर्षांचं, एवढंच हवं होतं. आणि आमची आई, म्हणजे भाचीची आजी, खुर्चीत जपमाळ ओढीत बसली होती, ती मध्येच म्हणाली, "माणसाचं डोकं उघडायला शिकवतात ते कळलं, पण मिटवायलाही शिकवतात ना गं?"

आम्ही सगळे हसलो. मग मी माझ्या हुद्द्याला शोभेल असा आवाज काढून वहीची तपासणी सुरू केली.

"पहिली गोष्ट, आकड्यांना भुलू नकोस," मी म्हणालो. "वर्षाला हजारो शस्त्रक्रिया होतात, हे इस्पितळाचं कर्तृत्व झालं. त्यातल्या तुझ्या किती? विद्यार्थ्याच्या नोंदवहीत शस्त्रक्रिया चार प्रकारच्या असतात. नुसती पाहिलेली, साहेबांना मदत म्हणून धरलेली, कुणी शेजारी उभं असताना स्वतः केलेली आणि एकटीने केलेली. लग्नघरी वरण ढवळलं म्हणजे आपण पंगत वाढली असं होत नाही. आणि कसल्या शस्त्रक्रिया, तेही बघ. अपघाताने डोक्यात झालेली गुठळी काढायला तू कुठेही शिकशील. पण रक्तवाहिनीवरचा फुगा, लहान मुलांच्या मेंदूच्या मागच्या भागातली गाठ, मणका, फिट्सवरची शस्त्रक्रिया हे सगळं तीन वर्षांत डोळ्यांखालून आणि थोडंफार हाताखालून जायला हवं. नुसत्या पोळ्या लाटून स्वयंपाक येत नाही."

तिने वहीत लिहून घेतलं. मला हुरूप आला.

"दुसरं, यंत्रं. यंत्रं हवीतच. पण ती इस्पितळाच्या मालकीची असतात, हात तुझ्या मालकीचा. तुझं ते नेव्हिगेशन शस्त्रक्रियेच्या आधी काढलेल्या चित्रावर चालतं. कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं, की मेंदू खाली बसतो आणि पडद्यावरचं चित्र मात्र आपलं होतं तिथेच! त्या घटकेला गाठ कुठे आहे हे ज्याला शरीररचनेवरून सांगता येतं, तो सर्जन. तेव्हा यंत्र आहे का हे विचार, पण ते बंद पडलं तर इथले लोक काय करतात, हेही विचार.

"तिसरं, मोठी नावं. मोठा गवई मोठा गुरू असतोच असं नाही. शिष्याला पंधरा वर्षं मागे तंबोऱ्यावर बसवून ठेवणारे गवई काय थोडे झाले? तसेच सर्जनही असतात."

"आणि कामाचे तास?" बहिणीने विचारलं. ती अजून त्या दोन खाटांवरच अडली होती.

तासांवर तर माझं व्याख्यान तयारच होतं. 'रेसिडेंट' या शब्दाचा अर्थच मुळी इस्पितळात राहणारा. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ १८८९ साली उघडलं आणि तिथे विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने ही पद्धत बसवली. शिकाऊ सर्जनने तिथेच राहायचं, तिथेच झिजायचं आणि पायरी-पायरीने जबाबदारी घ्यायची. या हॉल्स्टेडच्याच हाताखाली १८९६ साली हार्वे कुशिंग आला आणि पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जनक ठरला. आपल्या देशात हे शास्त्र रुजून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. १९४९ साली वेलोरला जेकब चँडी यांनी पहिला विभाग काढला, पुढच्याच वर्षी मद्रासला राममूर्तींनी. शास्त्र आलं तशी झिजण्याची पद्धतही आली. पुढे अमेरिकेतच लोकांना प्रश्न पडू लागला. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात अठरा वर्षांची एक मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली आणि थकलेल्या, वरिष्ठांवाचून काम करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांवर मोठं वादळ उठलं. त्यातून १९८९ साली त्या राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २००३ साली ती देशभर लागू झाली. न्यूरोसर्जरीला मात्र तिथेही ८८ तासांपर्यंत सवलत मागता येते आणि शिक्षण सात वर्षांचं असतं. आपल्याकडे १९९२ सालच्या केंद्राच्या योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेले आहेत. कुठल्याही मोठ्या इस्पितळातल्या रेसिडेंटला हा आकडा सांगा. तो हसेल, आणि हसता हसता बसल्या जागी झोपी जाईल.

"म्हणजे दोन्हीकडे सारखंच," भाची म्हणाली आणि तासांची ओळ तिने दोन्ही पानांवर उणिवांत टाकली. मग पेन्सिल कानावर खोचून तिने वही माझ्यापुढे सरकवली. "सगळं भरलं. आता तू सांग, कोणतं?"

मी वही हातात घेतली. दोन्ही पानं पुन्हा वाचली. आणि कसं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "यातलं मुख्य काहीच लिहिलेलं नाहीस."

"काय राहिलं?"

"रात्री दोन वाजता तू साहेबांना फोन केलास, तर काय होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बहीण चहाचे कप उचलीत होती, तीही थांबली. आता सांगणं भाग होतं. चाळीसहून अधिक वर्षं जे कोणालाही सांगितलं नव्हतं, ते एका वहीच्या निमित्ताने सांगून बसलो.

१९८० सालची संक्रांत. मी तेव्हा शिकत होतो. इस्पितळाचं नाव सांगत नाही. तशी इस्पितळं तेव्हा बरीच होती. संध्याकाळी नऊ वर्षांच्या एका मुलाला आणलं. पतंग उडवताना गच्चीवरून पडला होता. पाच मिनिटं बेशुद्ध होता, मग शुद्धीवर आला, आणि वॉर्डात आला तेव्हा आईला विचारीत होता, "माझी फिरकी कुणी घेतली?" वडील गिरणीत होते, ते पाळी सोडून धावत आले. मुलाला बोलताना पाहून ते इतके निर्धास्त झाले, की बाहेर जाऊन सर्वांना चहा घेऊन आले. मलाही दिला.

असं शुद्धीवर येणं फसवं असतं. कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं की ती फाटते, हाड आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. सुरुवातीला मूल हसतं, बोलतं, आणि आत गुठळी वाढत असते. मग पेंग येते. मग गुठळीच्या बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होऊ लागते. ती खूण दिसली, की घड्याळाकडे बघायचं नाही. कवटीला भोक पाडून रक्ताला वाट द्यायची. वेळेवर केलं तर सगळ्या न्यूरोसर्जरीत याच्याइतकं समाधान देणारं काम नाही. मूल चार दिवसांत घरी जातं. उशीर झाला तर जात नाही.

आमच्या इस्पितळात तेव्हा सी.टी. स्कॅन नव्हतं. होता तो टॉर्च. रात्री दोन वाजता सिस्टरनी मला हाक मारली. मुलगा पेंगुळला होता. मी डोळ्यांवर टॉर्च मारला. उजवी बाहुली डावीपेक्षा किंचित मोठी वाटली.

पुस्तकात पुढचं वाक्य अगदी स्पष्ट होतं. पण मला पुस्तक आठवलं नाही. मला आठवला माझ्याबरोबरचा एक रेसिडेंट. महिन्यापूर्वी त्याने असाच मध्यरात्री साहेबांना फोन करून बोलावलं होतं आणि रोग्याला काहीच निघालं नव्हतं. त्यानंतर महिनाभर राउंडवर त्याची टिंगल चालली होती. 'आमचे भित्रे डॉक्टर' असं त्याचं नावच पडलं होतं. साहेब एकदाच बोलले होते; बाकीचं सगळं आम्हीच केलं. हसणाऱ्यांत मी पुढे होतो.

तेव्हा मी काय केलं? पुन्हा टॉर्च मारला. नाडी मोजली. दुसऱ्या रोग्याची सलाइन बदलून आलो. सिस्टरनी दोनदा विचारलं, "डॉक्टर, सरांना फोन लावायला सांगू का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, "दहा मिनिटं बघू." दोन चाळीसला बाहुली पूर्ण पसरली होती आणि प्रकाशाला हलत नव्हती. मग मी ऑपरेटरकडे धावलो.

साहेब अर्ध्या तासात आले. लेंग्यावरच शर्ट चढवला होता. मला एका अक्षराने बोलले नाहीत. त्यांनी गुठळी काढली. ते इतक्या सफाईने काम करीत, की त्या स्थितीतही मी बघत राहिलो. तिसऱ्या दिवशी पहाटे मुलगा गेला.

"पण मी तुला सांगायला लागलो ते एवढ्यासाठी नाही," मी भाचीला म्हणालो. "त्या रात्री थिएटरमधून बाहेर आल्यावर मी केसपेपर लिहिला. त्यात लिहिलं, 'उजवी बाहुली विस्फारल्याचे रात्री २-४० वाजता आढळले.' सिस्टरनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता फाइलला लावून टाकला. त्या चाळीस मिनिटांचा हिशेब जगात कुठेही लिहिलेला नाही."

कोणी काही बोललं नाही. आईची जपमाळ थांबली होती.

"तुझ्या वहीच्या हिशेबाने आमचा विभाग पहिल्या नंबरचा होता," मी म्हणालो. "भरपूर काम, उत्तम हात असलेले साहेब. हाक मारली तर अर्ध्या तासात येणारे. फक्त हाक मारणं ही तिथे नामुष्की होती. आणि माणूस गेला, तर का गेला, याची चर्चा करायला कोणी बसत नसे. डेथ मीटिंग कागदावर होती. तिच्यात 'रोगी उशिरा आणला' असं लिहून आम्ही चहा प्यायचो."

मन फार उघडं पडलं, की शहाणा माणूस पुस्तकामागे लपतो. मीही लपलो. कुशिंगची गोष्ट सांगू लागलो. हा कुशिंग वैद्यकीचा विद्यार्थी असताना त्याला एका रोग्याला इथरची भूल द्यायला सांगितलं आणि रोगी त्याच्या हातून गेला. त्या काळी असं होतच असे. सर्वांनी 'चालायचंच' म्हटलं. कुशिंगला शिक्षण सोडून द्यावंसं वाटलं. पण त्याने आणि त्याचा वर्गमित्र अर्नेस्ट कॉडमन याने १८९४ च्या सुमाराला एक साधी गोष्ट केली. भूल चालू असताना रोग्याची नाडी आणि श्वास घटकेघटकेला कागदावर लिहायला सुरुवात केली. आज जगातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेत तसा तक्ता भरला जातो. कुशिंगने पुढे मेंदूच्या २००० गाठींवरच्या कामाचं पुस्तक १९३२ साली छापलं, तेव्हा त्यात आपल्या हातून किती टक्के रोगी दगावले, हेही छापलं. कॉडमन तर याहून वेडा. प्रत्येक रोग्याचं पुढे काय झालं, हे वर्षभर मागे लागून लिहा आणि लोकांना दाखवा, असा त्याचा हट्ट. बॉस्टनच्या मोठ्या इस्पितळात तो पटला नाही, तेव्हा १९१४ साली राजीनामा देऊन तो बाहेर पडला. स्वतःच्या छोट्या इस्पितळातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात १२३ चुका स्वतः मोजून दाखवल्या.

"आणि तू, मामा?" भाचीने मध्येच विचारलं.

"मी काय?"

"तू पुढे इतकी वर्षं विभाग चालवलास. मीटिंग घेत होतास ना?"

"घेत होतो की. दर शनिवारी. आणि फोन केला म्हणून कोणाला हसायचं नाही, असा नियम केला होता."

"त्या मीटिंगमध्ये ही केस कधी मांडलीस?"

वाचकहो, परीक्षा घ्यायला बसलेल्या परीक्षकाचीच उत्तरपत्रिका कोणी तपासायला मागावी, तसं माझं झालं. मी मांडली नव्हती. तीस वर्षांत शेकडो मुलं माझ्या हाताखालून गेली. त्यांच्या चुका मी त्यांच्याकडून मोकळेपणाने वदवून घेतल्या. माझी स्वतःची, मी लिहून खोटी केलेली, एकही वेळ मी त्यांच्यापुढे ठेवली नाही. वहीतल्या उणिवांच्या रकान्यात कोणी माझा विभाग लिहिता, तर ही पहिली नोंद व्हायला हवी होती.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं. मला दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही कामाला लागलो. मी तिला सांगितलं, "दोन्ही ठिकाणी दोन-दोन दिवस जाऊन राहा. विभागप्रमुखांना भेट, पण त्यांचं बोलणं सर्वांत शेवटी ऐक. स्थळाची खरी माहिती कधी सासऱ्याकडून मिळते का? सर्वांत धाकट्या रेसिडेंटला एकटं गाठ आणि विचार, की शेवटचा फोन कधी केलास आणि काय उत्तर मिळालं. रात्रीच्या सिस्टरशी बोल. त्यांना सगळं ठाऊक असतं. गेल्या चार वर्षांत कोण शिक्षण अर्धं टाकून गेलं, ते का गेले, त्यांचा पत्ता मिळाला तर त्यांना विचार. आणि डेथ मीटिंगला बसू देतात का बघ. बसू दिलं, तर पहिल्यांदा कोण बोलतं तेवढंच लक्षात ठेव."

"आणि झोपायला कुठे, तेही बघ," बहीण म्हणाली. मी हसलो नाही. मला आता पटलं होतं, की तिचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच होता. छत्तीस तास न झोपलेल्या माणसाला बाहुली किंचित मोठी दिसत नाही. आणि दिसली तरी फोनपर्यंत जाण्याचं बळ त्याच्यात उरत नाही.

आठवड्याने ती परत आली. ट्रस्टच्या इस्पितळात तिचं स्वागत फार छान झालं. यंत्रं पाहून डोळे दिपले, असं तिने मोकळेपणाने सांगितलं. पण मृत्यूंची चर्चा कधी असते असं तिने विचारलं, तेव्हा एक वरिष्ठ हसून म्हणाले, "आमच्याकडे तसे प्रसंग फारसे येतच नाहीत." आणि धाकटा रेसिडेंट म्हणाला, "इथे एकट्याने काही करायचंच नसतं, त्यामुळे चूक होण्याचा प्रश्नच नाही."

मुंबईच्या जुन्या इस्पितळात सूक्ष्मदर्शक खरोखरच रुसलेला होता. खाटा दोनच होत्या आणि तिसरा रेसिडेंट टेबलावर झोपला होता. धाकट्याने सांगितलं, "फोन केला तर सर बोलतात." "काय बोलतात?" "म्हणतात, पंधरा मिनिटं आधी का नाही केलास?" शनिवारी सकाळी तिला मीटिंगला बसू दिलं. पहिल्यांदा विभागप्रमुख स्वतः उभे राहिले. त्या आठवड्यात त्यांच्याच हातून एक बाई गेली होती. 'मी रक्तवाहिनी वेळेवर ओळखली नाही,' असं सांगून त्यांनी फळ्यावर चित्र काढलं आणि नेमकं कुठे चुकलं, ते खडूने दाखवलं. नंतर एकेक रेसिडेंट उठत गेला.

"पण मामा, ते तिघंही इतके थकलेले होते, की बोलताना वाक्यं विसरत होते," ती म्हणाली. "हे काही मी जमेला धरणार नाही."

"धरूच नकोस," मी म्हणालो. "चांगल्या घरातही छप्पर गळतं, म्हणून गळणं चांगलं होत नाही. तिथे गेलीस तर त्या खाटांसाठी भांड."

तिने पसंतीक्रमात जुन्या इस्पितळाला पहिलं ठेवलं. मेहुणे बंधपत्रावरून दोन दिवस घुम्यासारखे वागले. आईने दह्याची कवडी हातावर ठेवली आणि म्हणाली, "मिटवायला नीट शीक."

आता तिला तिथे सहा महिने झाले आहेत. घरी येते ती झोपायलाच. वजन उतरलं आहे, म्हणून बहीण मला दर आठवड्याला टेलिफोनवर ऐकवते. मामाने बोलणी खायची हा रिवाज आहेच. खाटांसाठी अर्ज केला आहे आणि तिसरी खाट मंजूर होऊन अजून यायची आहे.

मागच्या महिन्यात एकदा सकाळी सातला तिचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"मामा, काल रात्री दोन वाजता मी सरांना फोन केला. मोटारसायकलवरून पडलेला मुलगा होता. बाहुली बदलली आणि पाच मिनिटांत फोन केला. सर आले. मीच उघडलं, ते शेजारी उभे होते."

"मग?"

"नाही वाचला."

मी काय बोलणार? वेळेवर फोन केला म्हणजे रोगी वाचतोच, असं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पण मनातून मलाही तसंच वाटत आलं असावं.

"शनिवारी मला मांडायचं आहे," ती म्हणाली. "फोन वेळेवर केला, पण त्याआधीच्या एका तासात मी त्याला एकदाही उठवून पाहिलं नव्हतं. झोपला आहे असं वाटलं. ते सांगायला हवं."

"सांग," मी म्हणालो. मग थोडं थांबून विचारलं, "शनिवारी बाहेरच्या माणसाला येऊ देतात का गं?"

"बसायला?"

"नाही. मलाही एक केस मांडायची आहे. जुनी आहे."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सरांना विचारते."

काल तिचा निरोप आला. दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी आठ वाजता. दहा मिनिटं मिळतील.